पाटीचा वाद तापतो, महापौरांची खुर्ची रिकामी राहते

बेळगाव : खडेबाजारात दुकानाची पाटी हा आता राजकारणाचा विषय झाला आहे. २०२४ च्या दुरुस्ती कायद्याने कर्नाटकात पाटीवर ६० टक्के कन्नड सक्तीचे केले. आत काउंटरवर मात्र मराठी, कन्नड, उर्दू, हिंदी सगळे चालते. दुकानदाराला सगळ्या भाषा येतात, कारण गल्ला सगळ्यांवर चालतो.

लोकानुनयाच्या राजकारणाला नेमके हेच परवडत नाही. त्याला 'आपले' आणि 'परके' असे दोनच गट लागतात. अमेरिकेत त्यासाठी स्थलांतरित पुढे केले जातात, सीमाभागात भाषा.

डिसेंबर २०२२ आठवून बघा. ६ तारखेला हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली, लगेच पुण्यात कर्नाटकच्या बसना काळे फासले. १४ तारखेला दिल्लीत गृहमंत्री अमित शहांसमोर दोन्ही मुख्यमंत्र्यांनी मान्य केले, की सुप्रीम कोर्टाचा निकाल लागेपर्यंत कुणी दावा सांगायचा नाही. दोन्हीकडचे तीन-तीन मंत्री बसून रोजचे प्रश्न सोडवतील. पंधरवडा सरायच्या आत दोन्ही विधिमंडळांनी एकमताने ठराव केले. कर्नाटक म्हणाले, एक इंचही देणार नाही. महाराष्ट्र म्हणाला, ८६५ गावांची इंच न् इंच जमीन घेणार. टाळ्या दोन्हीकडे पडल्या. २००४ पासून कोर्टात असलेला दावा मात्र त्याने तसूभरही पुढे सरकला नाही.

याच काळात बेळगाव महापालिकेत काय चालले होते? ५८ प्रभागांची निवडणूक सप्टेंबर २०२१ मध्ये पहिल्यांदाच पक्षचिन्हांवर झाली. पण महापौर निवडायला फेब्रुवारी २०२३ उजाडला. जवळपास दीड वर्ष निवडून आलेले नगरसेवक असूनही शहराला महापौर नव्हता. या विलंबाला दगडफेकीइतकी प्रसिद्धी कधी मिळाली नाही. लोकशाहीचे खरे नुकसान इथे होते : भावना पेटलेली असली की कारभाराचा हिशेब कुणी मागत नाही.

मराठी मतदाराने समितीलाही धडा दिला आहे. २०१८ आणि २०२३ मध्ये महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही आमदार निवडून आला नाही. काळा दिन पाळणारे हात मत देताना दुसरीकडे का वळले, याचे उत्तर नुसत्या घोषणेत सापडणार नाही.

उत्तर मोजता येणाऱ्या मागणीत आहे. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त असतील तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे देशात मान्य झालेले संरक्षण आहे. ते मिळाले की नाही, हे कार्यालयात जाऊन तपासता येते. १९८१ मध्ये निपाणीचा तंबाखू शेतकरी रस्त्यावर उतरला, गोळीबारात १२ जण गेले. तेव्हाही गर्दी होती, घोषणा होत्या. पण मागणी भावाची होती. तंबाखूचा भाव मराठी शेतकऱ्याला एक आणि कन्नड शेतकऱ्याला दुसरा नसतो.

पुढच्या वेळी कुणी 'जनतेची भावना' म्हणत माईक हातात घेतला, तर खडेबाजाराने आपल्या सवयीने एवढेच विचारावे : माल काय, आणि भाव काय?