45 मिनिटं... पण कुणाची?

एक छोटं कॅल्क्युलेशन करूया. छत्रपती संभाजीनगरचं चिकलठाणा विमानतळ आणि लातूरचं विमानतळ. अक्षांशाचा फरक साधारण 1.45 अंश, म्हणजे 161 किमी. रेखांशाचा 1.07 अंश, आपल्या पट्ट्यात एका अंशाला 105 किमी धरले तर 112 किमी. पायथागोरस लावा, उत्तर 196 किमी! एटीआर-72 सारखं विमान ताशी 500 च्या आसपास जातं, म्हणजे 24 मिनिटं. टेकऑफ, लँडिंग, रनवेवरची ये-जा मिळून वीसेक मिनिटं वाढवा. झाली 45 मिनिटं.

कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला 'ॲज द क्रो फ्लाइज' हा फ्रेज घोकून घेतला होता. कावळा खरंच सरळ उडतो का, हे तेव्हा कुणी विचारलं नाही, असो.

आता हीच रेघ नकाशावर ओढा. ती जाते कुठून? वडवणी, धारूर... म्हणजे आपल्याच जिल्ह्यावरून! पण उद्या असं थेट विमान सुरू झालंच, तर आपल्या हॉस्टेलवाल्यानं काय करायचं? आधी बीडहून एस.टी.नं 130 किमी उलटं चिकलठाण्याला, तीन तास. मग चेक-इनसाठी तासभर आधी हजर. मग ती 45 मिनिटं. आणि लातूरला उतरल्यावर गावात जायला रिक्षा. पाच तास कुठेच गेले नाहीत! त्यापेक्षा केज-अंबाजोगाईमार्गे सरळ एस.टी. पकडली तर चारेक तासांत माणूस लातुरात चहा पीत बसलेला असेल.

मला विमानाचं वावडं नाही हं. 27 एप्रिल 2017 ला 'उडान'मधून नांदेड-हैदराबाद सुरू झालं, तेव्हा तासाभराच्या प्रवासाला अडीच हजारांची मर्यादा ठेवली होती. नांदेडवाल्याला इंटरव्ह्यूसाठी हैदराबाद गाठायचं तर रात्रभराचं जागरण वाचतं. तिथे विमानाला अर्थ आहे. दोनशे किमीच्या आत मात्र विमानतळापर्यंतचा रस्ताच सगळा वेळ खातो.

म्हणून बीडला विमानतळ हवा अशी चर्चा निघाली की मला आधी रेल्वे आठवते. अहिल्यानगर-बीड-परळी, 261 किमी, मंजुरी 1995 ची. बीडला पहिली गाडी आली 17 सप्टेंबर 2025 ला. तीस वर्षं! आमच्या बॅचमधला एकही जण तेव्हा जन्मला नव्हता. त्या दिवशीसुद्धा गाडी बीडपर्यंतच आली, परळीपर्यंत नाही.

आणि दसरा झाला की इथला ऊसतोड कामगार पोराबाळांसकट, भांड्याकुंड्यांसकट ट्रक-ट्रॅक्टरमध्ये बसून पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातो. त्याचे तास कोणत्या फॉर्म्युल्यात बसवायचे? धारूर घाटातून रात्री पेशंट घेऊन निघालेल्या गाडीचे? मला विचाराल तर पहिला पैसा परळीच्या रुळांना, दुसरा या रस्त्यांना आणि रात्रीच्या एस.टी.ला. रनवेचं त्यानंतर बघू.