घरात काकाकुवा आणण्यापूर्वी

पाळीव पक्ष्यांच्या दुकानात एक प्रश्न नेहमी विचारला जातो. मोठा काकाकुवा फ्लॅटमध्ये झेपणार नाही, मग त्यातला लहान कोणता घ्यावा? विचारणाऱ्याच्या मनातला हिशेब सरळ असतो: पक्षी लहान म्हणजे पिंजरा लहान, आवाज कमी, खर्चही बेताचा. काकाकुव्याच्या बाबतीत हा हिशेब जवळजवळ प्रत्येक ओळीत चुकतो.

लहान काकाकुवा म्हणून बहुधा पुढे केला जातो तो गॉफिन. इंडोनेशियातील तनिंबार बेटांवरचा हा पांढरा पक्षी लांबीला साधारण ३० सेंटीमीटर आणि वजनाला ३०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे कबुतराएवढाच. पण डोके कबुतराचे नव्हे. व्हिएन्ना विद्यापीठातील संशोधकांनी पाळलेल्या ‘फिगारो’ नावाच्या गॉफिनने जाळीपलीकडचा काजू मिळवण्यासाठी लाकडी तुळईची लांब ढलपी चोचीने सोलून काढली आणि तिची काठी करून काजू ओढून घेतला. २०१२ साली ही नोंद प्रसिद्ध झाली तेव्हा शास्त्रज्ञांना नवल वाटले ते यासाठी, की रानात हे पक्षी हत्यार वापरतात असे तोवर कोणी पाहिले नव्हते. पुढच्याच वर्षी याच गटातल्या पक्ष्यांनी एकामागून एक पाच वेगवेगळी कुलपे उघडून दाखवली. पिन, स्क्रू, बोल्ट, चाक आणि कडी. बक्षीस पुन्हा काजूच.

हे वाचताना गंमत वाटते. पण ज्या मेंदूला पाच कुलपे हवीत, त्याला दोन फुटांच्या पिंजऱ्यात आरसा आणि घंटी देऊन दिवसभर एकटे ठेवले तर काय होते? घरातली माणसे सकाळी नऊला बाहेर पडतात आणि रात्री आठला परततात. आधी ओरडणे सुरू होते, मग चावणे, आणि शेवटी स्वतःचीच पिसे उपटणे. कधी कधी पक्षी कातडीपर्यंत जाऊन जखमा करून घेतो. ही सवय एकदा जडली की डॉक्टरांच्या औषधाने सहसा जात नाही. त्यात पाळलेला गॉफिन ४० वर्षेही जगू शकतो. पस्तिशीतल्या माणसाने तो घेतला तर पंचाहत्तरीत त्याची विष्ठा कोण काढणार, हे आजच ठरवावे लागते.

रानातली बाजू त्याहून गंभीर आहे. १९७० नंतर तनिंबारवरची जंगले लाकडासाठी तुटली आणि हजारो गॉफिन परदेशी बाजारात गेले. १९९२ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टाची कडक बंधने आहेत. पिवळ्या तुऱ्याचा लहान काकाकुवा आणि फिलिपिन्सचा लाल बुडाचा काकाकुवा हे दोघेही त्याच परिशिष्टात, आणि दोघेही नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर. इंडोनेशियाच्या सुराबाया बंदरात २०१५ साली पिवळ्या तुऱ्याचे जिवंत पक्षी प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्यांत कोंबलेले सापडले होते. कागदपत्राशिवाय विकला जाणारा पक्षी कुठून आला, हे विक्रेत्याच्या हसऱ्या चेहऱ्यावरून कळत नाही. ऑस्ट्रेलियातला गुलाबी गाला मात्र तिकडे शेतावर थव्यांनी उतरतो. त्याची धोक्यातल्या जातींत गणना नाही. पण आवाज, आयुष्य आणि हट्ट यांत तोही पुरता काकाकुवा आहे.

भारतात कायदाही बदलला आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने साइट्सच्या यादीतील जाती चौथ्या अनुसूचीत आल्या. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार असा पक्षी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत परिवेश २.० पोर्टलवर नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो. ‘परदेशी पक्ष्याला काही लागत नाही’ हे दुकानातले जुने वाक्य आता खरे राहिलेले नाही.

मग उरतो कॉकटिल, ज्याला आपल्याकडे सर्रास ‘कॉकटेल’ म्हणतात. तो ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. लांब शेपटीमुळे मोठा दिसतो, पण वजन १०० ग्रॅमच्या आतबाहेर. बरीच वर्षे त्याला लहान पोपट समजत. जनुकीय अभ्यासांनी तो काकाकुव्यांच्याच कुळातला सर्वांत लहान सदस्य असल्याचे दाखवले. तुरा आणि पिसांची पांढरी भुकटी पाहिली तर ते पटतेही. साइट्सच्या परिशिष्टांतून वगळलेल्या चार पोपटवर्गीय जातींत तो आहे, त्यामुळे नोंदणीची अट त्याला लागत नाही. (त्या चारांतला आणखी एक म्हणजे आपला गळ्यात कंठ असलेला पोपट. पण तो इथला रानपक्षी असल्याने भारतीय कायद्याने त्याला संरक्षण आहे आणि तो पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे, हे अजूनही अनेक घरांना ठाऊक नाही.) कॉकटिल पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यात पैदास झालेला आहे, शीळ घालतो, आणि १५ ते २० वर्षे जगतो. साध्या घराने लहान काकाकुवाच घ्यायचा ठरवले असेल, तर जबाबदारीने सुचवावा असा हा एकच पर्याय आहे. तोही शक्यतो जोडीने, आणि घरात कोणी तरी असेल तरच.

कोणाच्या घरात तोही नको, हे सांगणे अधिक महत्त्वाचे. काकाकुव्यांच्या अंगावर बारीक भुकटी तयार होत राहते. ती पंख्याच्या पात्यांवर, टीव्हीवर आणि फुप्फुसांत साचते. घरात दमेकरी असेल तर हा पक्षी आणू नये. दमा नसलेल्यांनाही वर्षानुवर्षांच्या संपर्काने फुप्फुसाचा हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस जडू शकतो. दादरच्या कबुतरखान्याच्या वादामुळे हे नाव मराठी वाचकाला आता नवीन नाही. पिसे आणि विष्ठेची धूळ कबुतराची असो वा काकाकुव्याची, फुप्फुस फरक करत नाही. दुसरा आजार सिटॅकोसिस. वरून ठणठणीत दिसणारा पक्षीही त्याचे जंतू विष्ठेतून सोडत असू शकतो. ताप, डोकेदुखी आणि कोरडा खोकला घेऊन माणूस डॉक्टरकडे जातो, नेहमीची प्रतिजैविके उपयोगी पडत नाहीत, आणि घरात पक्षी आहे हे कोणी विचारत नाही, कोणी सांगतही नाही. सांगितले तर डॉक्सिसायक्लिनसारखे योग्य औषध वेळेत सुरू होते.

दुकानदार पिल्लू दाखवून म्हणतो, आपल्या हाताने भरवले की माणसाळते. ही पद्धत बंद व्हायला हवी. सिरिंजने भरवताना मिश्रण जरा गरम असले की अन्नपिशवी भाजते, आणि घाई झाली की ते श्वासनलिकेत जाऊन पिल्लू मरते. स्वतः दाणे फोडून खाणारा पक्षीच घ्यावा. तोही चांगला माणसाळतो.

आणल्यावर नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर ठेवला की यकृतात चरबी साठते. मोड आलेले मूग, गाजर, शेवग्याचा पाला, तयार पेलेट्स हे रोजचे अन्न. ॲव्होकॅडो, चॉकलेट आणि खारवलेले दाणे मुळीच नकोत. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेने शेजारच्या खोलीतला पक्षीही काही मिनिटांत दगावतो. पक्षी मोकळा सोडण्याआधी छताचा पंखा बंद करायचा, हे घरातल्या प्रत्येकाच्या अंगवळणी पडले पाहिजे. आणि पक्ष्यांवर उपचार करणारा पशुवैद्य आपल्या गावात आहे का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. मुंबई-पुण्याबाहेर उत्तर बरेचदा ‘नाही’ असेच येते.

ज्यांच्या घरी गॉफिन आधीच आला आहे त्यांनी नोंदणी करावी, त्याला रोज काही तरी फोडायला, उघडायला द्यावे, आणि कंटाळा आला म्हणून गच्चीवरून सोडून देऊ नये. अन्न शोधायला न शिकलेला पांढरा पक्षी कावळ्यांच्या आणि घारींच्या नजरेत पहिल्याच सकाळी भरतो.