माया मूरने खेळ का थांबवला?

आपल्या समाजातला एखादा खेळाडू राज्याच्या संघात निवडला गेला की तासाभरात त्याचा फोटो निळ्या पार्श्वभूमीवर सगळ्या ग्रुपवर फिरू लागतो. अभिमान वाटतो आणि वाटलाच पाहिजे. पण आपली चर्चा अभिनंदनाशीच थांबते. मिळालेल्या यशाचा समाजासाठी वापर कसा करायचा, यावर आपण बोलत नाही. म्हणून आज आम्ही अमेरिकेतील एका कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटूच्या कारकिर्दीविषयी लिहीत आहोत.

माया मूरचा जन्म 1989 चा, मिसुरी राज्यातला. आईने एकटीने वाढवलेली ही मुलगी. 2011 मध्ये महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये मिनेसोटा लिंक्स संघाने तिला सर्वांत आधी निवडले. 2011, 2013, 2015 आणि 2017 अशी चार अजिंक्यपदे तिने या संघासोबत जिंकली. 2014 मध्ये ती लीगची सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली. 2012 आणि 2016 च्या ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदके मिळाली.

जुलै 2016 मध्ये मिनेसोटातच एका पोलिसाने फिलांडो कॅस्टिल या कृष्णवर्णीय तरुणाला गाडी थांबवून गोळ्या घातल्या. त्यानंतर लिंक्सच्या खेळाडू काळे टी-शर्ट घालून मैदानात आल्या. त्यावर कॅस्टिलचे नाव होते आणि त्याच आठवड्यात डॅलसमध्ये मारल्या गेलेल्या पोलिसांसाठी तिथल्या पोलीस दलाचे चिन्हही होते. तरीही सुरक्षेसाठी आलेले चार पोलीस काम सोडून निघून गेले. फुटबॉलपटू कॉलिन कॅपरनिकच्या निषेधाची जगभर चर्चा झाली ती यानंतर काही आठवड्यांनी. पुरुषाचा निषेध इतिहासात जातो आणि बाईचा तळटीपेत, हा अनुभव आपल्या चळवळीतल्या मायबहिणींना नवा नाही.

फेब्रुवारी 2019 मध्ये, वयाच्या 29 व्या वर्षी, मूरने त्या हंगामात खेळणार नसल्याचे जाहीर केले. पुढे ती मैदानावर परतलीच नाही. तिने तो वेळ जोनाथन आयर्न्सच्या सुटकेसाठी दिला. 16 वर्षांचा असताना एका घरफोडी आणि गोळीबाराच्या प्रकरणात त्याला पकडले होते. खटल्यातले सगळे ज्युरी गोरे होते. शिक्षा झाली 50 वर्षांची. घटनास्थळी सापडलेला बोटाचा ठसा ना त्याचा होता ना घरमालकाचा, पण ही माहिती बचाव पक्षाला दिलीच नव्हती. मार्च 2020 मध्ये न्यायाधीशांनी शिक्षा रद्द केली आणि 1 जुलै 2020 रोजी तो बाहेर आला. नंतर दोघांनी लग्न केले.

यावर काही जण म्हणतील, हे तर तिचे खासगी प्रकरण झाले. पण तुरुंगात कैद्यांसाठी काम करणाऱ्या नातेवाइकांमुळे तिची आणि त्याची पहिली भेट झाली 2007 मध्ये. त्या नातेवाइकांनी त्याच्या खटल्याची कागदपत्रे आधीच तपासायला घेतली होती. प्रसिद्ध नसलेल्या माणसांनी वर्षानुवर्षे फाइल वाचली, मूरने आपले नाव आणि वेळ तिच्यामागे उभा केला, आणि वकिलांनी कोर्टात बाजू मांडली. या तिन्हींशिवाय सुटका झाली नसती.

आता आपल्याकडे या. नाशिकजवळच्या 2003 मधील एका दरोडा आणि खुनाच्या प्रकरणात भटक्या समाजातील सहा गरीब मजुरांना फाशी सुनावली गेली होती. सर्वोच्च न्यायालयानेही 2009 मध्ये ती कायम केली. त्यांच्यातला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. प्रत्यक्ष साक्षीदाराने पोलिसांच्या फोटोंमधून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते, पण त्या दिशेने तपास झाला नाही. मार्च 2019 मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. तोवर 16 वर्षे गेली होती. भरपाई प्रत्येकी पाच लाख. आपल्यापैकी किती जणांच्या स्टेटसवर ही बातमी होती?

देशातल्या तुरुंगांत सुमारे तीन चतुर्थांश कैदी कच्चे आहेत, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. त्यांत आपली मुले लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त आहेत. जामीन मंजूर होऊनही जामीनदार नाही म्हणून आत राहणारेही आहेत.

नोकरी किंवा खेळ सोडा, असे आम्ही कुणाला म्हणत नाही. मूरकडे बूट कंपनीच्या कराराचे पैसे होते. आपल्या मुलांकडे घराचे हप्ते असतात. पण महिन्यातले दोन रविवार सगळ्यांकडे आहेत. प्रत्येक तालुक्यातल्या एका गटाने एका कच्च्या कैद्याची फाइल हातात घ्यावी. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कोठडीतल्या कुणालाही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हे त्याच्या घरी जाऊन सांगावे. तारखेला कोर्टात हजर राहावे. वकील मित्रांनी कागद तपासावेत आणि ज्यांचे नाव झाले आहे, त्यांनी ते नाव वापरू द्यावे.

1972 मध्ये आपल्या तरुणांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून नाव घेतले होते. आज तिथल्याच एका बास्केटबॉलपटूकडून कामाची ही पद्धत घ्यायला काय हरकत आहे?

जय भीम.