आठवड्याची गोळी

सोरायसिस स्पर्शाने पसरत नाही, हे कितीदा सांगितले तरी रुग्णाचा पेला वेगळा ठेवणारी घरे आजही आहेत. अशा अवहेलनेने गांजलेला माणूस लवकर बरे होण्यासाठी औषधाची एखादी गोळी अधिक घेतो, यात नवल ते काय?

मेथोट्रेक्सेट ही या रोगावरील जुनी, स्वस्त व गुणकारी गोळी. ज्या फोलिक-विरोधी द्रव्यांतून ती निघाली, त्यांच्या संशोधनात आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा मोठा वाटा होता. सोरायसिससाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. ती रोज घेतली गेली तर पेशींची वाढच खुंटते. सोरायसिसच्या चट्ट्यांतील पेशी झपाट्याने वाढणाऱ्या, म्हणून घाव अनेकदा आधी तेथेच बसतो. चट्टे दुखू लागतात, सोलवटून त्यांच्या जखमा होतात. तोंड इतके येते की घोट गिळवत नाही. क्वचित भाजल्याप्रमाणे कातडी सुटते, आणि आत अस्थिमज्जेत रक्त तयार होणे मंदावलेले असते. सर्वांत क्रूर भाग असा की, रोगच बळावला असे समजून रुग्ण पुन्हा तीच गोळी घेतो! वस्तुतः गोळी तत्काळ थांबवून रुग्णालय गाठले, तर ल्युकोव्होरिन हा उतारा उपलब्ध आहे. पण तेथे प्रत्येक तास मोलाचा असतो.

असे घडले की 'रुग्णाचे अज्ञान' म्हणून आपण मोकळे होतो. हे अज्ञान कोणी पोसले? वेष्टनावरील इंग्रजी अक्षरे मुंगीएवढी. सोबत दिली जाणारी फोलिक आम्लाची गोळीही बहुधा तशीच लहान व पिवळी. दवाखान्यातील गर्दीत 'आठवड्यातून' हा शब्द एकदाच, तोही घाईत उच्चारला जातो. हा अपघात क्वचितच होतो हे खरे. परंतु तो टाळता येण्याजोगा असताना त्याच्या दुर्मिळतेचे समाधान कोणी मानावे?

युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१९ मध्ये वेष्टनावर ठळक इशारा व रुग्णाजवळ सूचनापत्र असावे, अशी शिफारस केली. आपल्याकडे औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी राष्ट्रीय योजना २०१० पासून आहे. पण नोंद अनर्थानंतर होते. त्याआधी प्रत्येक पाकिटावर 'आठवड्यातून एकदाच' हे मराठीत छापावयास कोणत्या कंपनीचे दिवाळे निघणार आहे? आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'सोमवार' असा वार लिहिला, तर त्याला शाई तरी किती लागेल?