नास्तिक : आरोप की निष्कर्ष?

आम्ही तिघे मराठीचे अध्यापक. वादविवाद स्पर्धांना परीक्षक म्हणून जाणे हा आमच्या नोकरीचा अलिखित भाग आहे. अशाच एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत 'नीतिमत्तेला ईश्वरश्रद्धेची गरज आहे' असा विषय होता. विरोधी बाजूने बोलणारा द्वितीय वर्ष कला शाखेचा मुलगा बरा बोलला. त्याची मांडणी साधी होती : देव आहे याला पुरावा नाही, आणि देव न मानणारी माणसेही सचोटीने जगतात. प्रश्नोत्तरांच्या फेरीत प्रतिपक्षाच्या मुलीने त्याला एकच प्रश्न विचारला, "तुझी आई दवाखान्यात होती तेव्हा तू हात जोडले होतेस की नाही?" (दोघे एकाच गावचे असावेत.) मुलगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, "जोडले होते." सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यानंतर त्याला नीट बोलता आले नाही. पहिले पारितोषिक त्या मुलीला मिळाले. तिच्या गुणपत्रिकेवर 'प्रभावी खंडन' हा शेरा आम्हीच लिहिला होता.

तो शेरा चुकीचा होता. खंडन कशाचे झाले होते? मुलाने हात जोडले यावरून फार तर एवढे सिद्ध होते की तो घाबरला होता आणि आईवर त्याचा जीव होता. परमेश्वराच्या अस्तित्वाविषयी त्यातून काहीही निष्पन्न होत नाही. आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात फार उशिरा आली. नीतीला देवाची गरज आहे का, याची चर्चा चाललेल्या त्या व्यासपीठावर एका मुलाने स्वतःचे नुकसान होणार हे दिसत असताना खरे सांगितले होते. 'नाही' म्हणून तो सहज निसटू शकला असता. विषयाच्या संदर्भात त्या दिवशी सभागृहात घडलेली सर्वांत प्रस्तुत गोष्ट ती होती, आणि तिला आम्ही शून्य गुण दिले.

हा एका स्पर्धेपुरता प्रश्न असता तर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. मराठीत आस्तिक-नास्तिक वाद सुरू झाला की पुराव्याची चर्चा पाहता पाहता चारित्र्याच्या चौकशीत बदलते. 'देव आहे कशावरून?' या प्रश्नाला 'तू कोण लागून गेलास?' हे उत्तर मिळते. याचे एक कारण त्या शब्दातच दडलेले आहे असे आम्हांला वाटते, आणि शब्द हा तर आमच्या व्यवसायाचा विषय.

पाणिनीच्या सूत्रात 'आस्तिक' आणि 'नास्तिक' हे शब्द मतीशी, म्हणजे एखाद्याच्या समजुतीशी, जोडलेले आहेत. टीकाकारांनी त्यांचा संबंध परलोकाशी लावला : परलोक आहे असे मानणारा आणि नाही असे मानणारा. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मात्र शब्दाचा रोख बदलतो. तर्कशास्त्राचा आश्रय घेऊन जो श्रुति-स्मृतींचा अवमान करतो, त्याला सज्जनांनी बाहेर काढावे, कारण तो वेदनिंदक, म्हणून नास्तिक, असे तिथे म्हटले आहे. इथे परलोकाचा किंवा ईश्वराचा उल्लेख नाही. गुन्हा आहे तो प्रमाणग्रंथ न मानण्याचा, आणि गुन्ह्याचे साधन आहे तर्क. म्हणूनच जगाचा कर्ता न मानणारे मीमांसक, ईश्वरावाचून विश्वाची उपपत्ती लावणारे सांख्य हे आस्तिक दर्शनांच्या यादीत सुखाने बसतात, आणि बौद्ध व जैन बाहेर राहतात. नास्तिक हा शब्द एखाद्या विचारान्ती काढलेल्या निष्कर्षाचे नाव राहिला नाही. तो बहिष्काराचा हुकूम झाला. आज आपण तो 'देव न मानणारा' या अर्थाने वापरतो. परंतु त्याच्या पोटातला जुना अर्थ गेलेला नाही. 'अगदी नास्तिक आहे हो तो' असे आपली आजी म्हणते तेव्हा ती शेजाऱ्याच्या ज्ञानमीमांसेविषयी बोलत नसते.

महात्मा फुले कोणत्या रकान्यात बसवायचे, हे या जोडीच्या आधारे सांगून पाहावे. त्यांनी ग्रंथप्रामाण्य समूळ नाकारले आणि निर्मिक मानला. मनूच्या व्याख्येने ते नास्तिक, आजच्या व्याख्येने आस्तिक. कुमारिल भट्टाचे नेमके उलट होईल.

कुमारिलांचे नाव निघालेच आहे तर परंपरेचा दाखला देणाऱ्यांना एक विचारावेसे वाटते. 'श्रद्धेला पुरावा मागायचा नसतो' हे वाक्य आज परंपरेचा आवाज म्हणून ऐकवले जाते. कोणत्या परंपरेचा? सातव्या शतकाच्या सुमारास कुमारिलांनी जगत्कर्त्याच्या कल्पनेला रोखठोक प्रश्न विचारले : ज्याला शरीर नाही तो घडवणार कसा, आणि तो करुणावान असेल तर एवढे दुःख त्याने का घडवले? पुढे उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली' लिहिली ती ईश्वराची सिद्धी करण्यासाठी. घट हे कार्य आहे, म्हणून त्याला कुंभार आहे. जगही कार्य आहे, म्हणून त्यालाही कर्ता असला पाहिजे, हे त्यांचे एक अनुमान. ते आम्हांला पटत नाही, हा भाग निराळा. पण उदयनांनी प्रतिपक्षाला 'तुम्हांला हे कळायचे नाही' असे सांगून वाटेला लावले नाही. प्रमाण मागणे हा त्यांना अपमान वाटला नाही. आजच्या आस्तिकांनी उदयनांचा वारसा सांगावा आणि प्रमाणाचा विषय निघताच भावना दुखावून घ्याव्यात, हे दोन्ही एकदम जमणारे नाही.

त्याच न्यायपरंपरेने चर्चेचे तीन प्रकार वेगळे केले आहेत. सत्य शोधण्यासाठी प्रमाण आणि तर्क यांनी होतो तो वाद. जिंकण्यासाठी छल वगैरे वापरून होतो तो जल्प. आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची केवळ मोडतोड करणारी ती वितंडा. मराठीने यांपैकी 'वितंडवाद' तेवढा जिवंत ठेवला, हेही सूचक म्हणावे लागेल. त्या मुलीचा प्रश्न हा जल्पाचा उत्तम नमुना होता, आणि स्पर्धेचे नाव वादविवाद स्पर्धा होते.

'श्रद्धा ही वैयक्तिक बाब आहे' हे आणखी एक सुरक्षित वाक्य. वैयक्तिक बाब वैयक्तिक राहते तोवर आमचे काही म्हणणे नाही. परंतु २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीची मूर्ती दूध पिते म्हणून देशभर रांगा लागल्या, तेव्हा तो दावा वैयक्तिक नव्हता. चमच्यातील दूध कुठे जाते, हा वस्तुस्थितीचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर पृष्ठताण व केशाकर्षण यांत मिळत होते : मूर्तीला टेकलेल्या चमच्यातले दूध पृष्ठभागावरून पातळ थर होऊन ओघळत होते; रंग मिसळून पाहणाऱ्यांना तो ओघळ दिसलाही. जो दावा जगाविषयी आहे तो जगात तपासला जाणार. दावा करताना सार्वजनिक आणि तपासणीच्या वेळी खासगी, ही सोय कोणत्याही मताला देता येत नाही.

येथे 'अंधश्रद्धा' या शब्दाकडेही पाहिले पाहिजे. हा शब्द लोकप्रिय झाला याचे कारण तो प्रत्येकाला सोयीचा आहे. अंधश्रद्धेची हद्द नेहमी आपल्या घराच्या कुंपणापलीकडे सुरू होते. शेजारी करतो ती अंधश्रद्धा, आपण करतो ती श्रद्धा. डॉ. श्रीराम लागूंनी यावर थेट बोट ठेवले : तपासायचे नाही असे ठरवूनच ठेवलेली गोष्ट म्हणजे श्रद्धा, मग ती डोळस कशी असणार? डॉ. नरेंद्र दाभोलकरांची भूमिका निराळी होती. देवधर्म मानण्याचा अधिकार संविधानाने दिला आहे, आपला विरोध शोषणाला आहे, असे ते सांगत. दोघांनी हा मतभेद महाराष्ट्रभर एकाच व्यासपीठावरून मांडला. तर्काच्या दृष्टीने आम्हांला लागूंचे म्हणणे अधिक सुसंगत वाटते. माणसांत जाऊन काम करायचे तर दाभोलकरांचे. पण ही सावध भूमिकाही दाभोलकरांच्या उपयोगी पडली नाही. देवाला विरोध नाही असे जन्मभर सांगणाऱ्या या माणसावर धर्मद्रोहाचा शिक्का बसला, आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. १० मे २०२४ रोजी न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली, तिघांची निर्दोष मुक्तता केली. शब्दाचे आरोपात रूपांतर होणे ही केवळ भाषाभ्यासाची बाब नाही, असे आम्ही म्हणतो ते यामुळे.

खुनानंतर चार दिवसांत अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी त्यातील अपवादांचे कलम जरूर वाचावे. वारी, कीर्तन, भजन यांना कायद्याचा हात लागत नाही हे त्यात स्पष्ट आहे. एवढेच नव्हे तर दिवंगत संतांचे चमत्कार सांगणे, त्यांचा प्रसार करणे यांनाही मोकळीक आहे. म्हणजे जिवंत बाबाने चमत्काराच्या नावाखाली फसवले तर गुन्हा; चमत्कार संताच्या चरित्रात असला तर ते वाङ्मय. या फरकाला काही जण तडजोड म्हणतील. आम्हांला मात्र तो वाङ्मयदृष्ट्या बराच शहाणपणाचा वाटतो.

कारण इथेच आमचे विवेकवादी मित्र घसरतात. (त्यांच्याच पंगतीत आम्हीही आहोत, म्हणून हे बोलण्याचा हक्क घेतो.) गाथा इंद्रायणीतून कोरडी वर आली का, यावर तासभर वाद घालणाऱ्यांना त्या गाथेत काय आहे याची चौकशी करायला सवड नसते. तुकोबा विठ्ठलाशी भांडतात, त्याला जाब विचारतात, देव आपल्यापुरता मेला असे म्हणण्यापर्यंत जातात. जनाबाईच्या नावावरच्या अभंगांत विठ्ठलाला शिव्याशाप आहेत. हे प्रतिज्ञापत्र नव्हे की त्यातील विधानांची सत्यासत्यता पडताळावी. आणि तुकोबांना अंधश्रद्धा निर्मूलनाचे पहिले कार्यकर्ते ठरवणे म्हणजे चिमट्याने हव्या त्या ओळी उचलणे. कीर्तनकार बुवा दुसऱ्या ओळी उचलतात, इतकाच फरक. दोघेही कवीला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करतात.

आता नीती. 'देव नसेल तर माणूस काय वाटेल ते करील' हे म्हणणाऱ्यांनी १९४७च्या मे महिन्यातले पंढरपूर आठवावे. विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजी प्राणांतिक उपोषणाला बसले होते. गुरुजी निस्सीम श्रद्धावान. दार अडवून धरणारेही श्रद्धावान. विठ्ठलही तोच. कोणाचे बरोबर होते हे श्रद्धेच्या मापाने ठरवता आले असते काय? ते ठरले माणसाला माणूस मानण्याच्या कसोटीवर, आणि ती कसोटी श्रद्धेच्या आधीची आहे. दुसरीकडे आगरकर. अज्ञेयवादी, १८८८पासून 'सुधारक' चालवणारे, ज्यांनी स्वतःच्या प्रेतयात्रेचे सोंग जिवंतपणी पाहिले. त्यांच्या निःस्पृहतेविषयी विरोधकांनाही शंका नव्हती. अर्थात आगरकरांवरून 'नास्तिक तेवढे नीतिमान' असा सिद्धान्त काढणेही तितकेच पोकळ ठरेल. पोथीप्रामाण्य सावरकरांनीही नाकारले होते. त्यांच्या आणि आगरकरांच्या स्वप्नातला समाज एक नव्हता.

याच भाषेत, फार जुनी नव्हे अशी, वेगळी चर्चाही झालेली आहे. दि. य. देशपांडे आणि मे. पुं. रेगे हे दोघे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. पहिले कट्टर विवेकवादी, १९९०मध्ये 'नवा सुधारक' (पुढे 'आजचा सुधारक') काढणारे. दुसरे स्वतःला आस्तिक म्हणवणारे. त्यांच्या लेखनात श्रद्धा आणि विवेक यांची कसून झडती आहे, पण एकमेकांच्या घरातील देवघराची चौकशी नाही. आमच्या विभागाच्या ग्रंथालयात त्या मासिकाचे जुने अंक आहेत. देवघेवीच्या चिठ्ठीवर गेल्या कित्येक वर्षांतला एकही शिक्का नाही, आणि त्यात आमच्याही नावाचा नाही.

आगरकर आम्ही शिकवतो ते 'निबंधकार' म्हणून. त्यांची ओघवती शैली, त्यांचा आवेश, त्यांचे दृष्टान्त. परीक्षेत प्रश्न येतो तो निबंधशैलीच्या वैशिष्ट्यांवर, आणि विद्यार्थी सहा वैशिष्ट्ये लिहून मोकळे होतात. आगरकरांचे म्हणणे खरे की खोटे, हे विचारणारा प्रश्न आमच्या आठवणीत एकदाही आलेला नाही. संतवाङ्मयाचा पेपर याच्या उलट टोकाला : तिथे शैली थोडी आणि भक्ती फार. वर्गात ज्याला प्रमाणाची चर्चा कधी ऐकायलाच मिळाली नाही, तो विद्यार्थी व्यासपीठावर ती आणणार कुठून? ती मुलगी हुशार होती. तिने तेच शस्त्र उचलले जे तिला आम्ही हाताशी ठेवले होते.

यंदाही त्या स्पर्धेचे निमंत्रण आले आहे. विषय शब्दांच्या किरकोळ फेरफाराने तोच. आम्ही संयोजकांना पत्र पाठवून दोन गोष्टी मागितल्या आहेत. स्पर्धकाच्या खासगी आयुष्यावरचा प्रश्न परीक्षकांनी तिथल्या तिथे रद्द करावा, आणि गुणपत्रिकेत 'सभाधीटपणा' या रकान्याचे दहा गुण कमी करून ते 'प्रस्तुतता' या नव्या रकान्याला द्यावेत. पहिली मागणी मान्य झाली. दुसरीवर उत्तर आले आहे की गुणपत्रिका आधीच छापून झाल्या आहेत.