डोक्यावरचा दिवा

बालाघाट म्हटलं की आपल्याकडे बीड-लातूरकडचा डोंगर आठवतो. मी सांगते आहे ते मध्य प्रदेशातलं, वैनगंगेकाठचं बालाघाट. गोंदियाहून उत्तरेला गेलं की लागतं. माझी थोरली बहीण तिथे दिली आहे. भाऊजी भरवेलीच्या मँगनीज खाणीत आहेत. पोलाद करताना मँगनीज लागतंच, आणि ही जमिनीखालची खाण आशियातल्या मँगनीज खाणींत सर्वात खोल म्हणून ओळखली जाते. कंपनी 'मॉइल', तिचं मुख्य कार्यालय आपल्या नागपुरात.

गेल्या पावसाळ्यात रात्रपाळीहून येताना भाऊजींच्या सायकलची चेन उतरली. कडेला वाकून ती चढवत होते. सायकल उभी, दिव्याचा उजेड भलतीकडे. मागून आलेल्या मोटारसायकलवाल्याला माणूस दिसलाच नाही. गळ्याजवळचं हाड मोडलं, दीड महिना हात गळ्यात. तेव्हापासून पाळी संपायच्या वेळी ताई दारात उभी असते. जेवण गार झालं तरी तिथून हलत नाही.

दिवाळीनंतर गेले तर भाच्याने जेवणाच्या टेबलाचा कारखाना केलेला. आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स करतो. "मावशी, बाबांसाठी हेल्मेटचा दिवा करतोय, काढता-घालता येणारा." मी कौतुक केलं. भाऊजी मात्र वर्तमानपत्रातून डोकंही वर न काढता म्हणाले, "सगळा जन्म डोक्यावर दिवा बांधून खाली उतरलो. वर आल्यावर तरी डोकं मोकळं राहू दे की!"

खोलीत एकदम शांतता. ताई स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज जरा जास्तच येऊ लागला.

खाणीतल्या दिव्याची कथाही लांबची आहे. पूर्वी कार्बाइडचे दिवे होते. कार्बाइडवर थेंब थेंब पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू निघतो, तो पेटवायचा. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेत दुकानांवर असे दिवे असत, त्यांचा लसणासारखा वास आमच्या सासूबाईंना अजून आठवतो. कोळशाच्या खाणीत मात्र उघडी ज्योत म्हणजे स्फोटाला आमंत्रण. १९१४ च्या सुमाराला एडिसनने बॅटरीवरचा टोपीचा दिवा आणला. बॅटरी कमरेला, तिथून वायर पाठीवरून डोक्यापर्यंत. पुढे कित्येक दशकं खाणीतला दिवा याच पद्धतीचा राहिला. एलईडी आणि लिथियमचे सेल आले तेव्हा कुठे कमरेचं ओझं हलकं झालं.

भाच्याच्या पहिल्या नमुन्यात लिथियमचा जाडा सेल होता, १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. एकट्या सेलचं वजन ४५ ग्रॅमच्या घरात. वर साबणाच्या डबीचं घर. हेल्मेट घातलं की पुढे झुकून नाकावर येई. दुसऱ्या नमुन्यासाठी त्याने ड्रिल काढलं. हेल्मेटला भोक पाडून स्क्रू बसवणार तोच भाऊजींनी पेपर बाजूला ठेवला.

"थांब. भोक पाडू नको."

बाप उठून टेबलाशी आला. "आतला हा थर्मोकोलसारखा भाग चेपतो म्हणून डोकं वाचतं. त्यात स्क्रू घातलास आणि मी पडलो, तर तो कुठे जाईल? आणि दिवा घट्ट नको. रस्त्याला घासला तर त्याने सुटून पडायला हवं. नाहीतर मानेला हिसका बसेल."

झालं! त्या रात्री दोघं टेबलाशीच बसले. भाऊजींनी विचारलं, "घरी यायला मला वेळ किती लागतो?" अर्धा तास. "मग एवढा मोठा सेल कशाला? रस्ता केवढा, तेवढाच दिवा." भाच्याने हिशेब मांडला. १०० मिलिअँपिअरने अर्धा तास म्हणजे रोजचे ५० मिलिअँपिअर-तास. ५०० चा छोटा चपटा सेल कागदावर दहा रात्री पुरतो. पूर्ण रिकामा होऊ द्यायचा नाही म्हणून दर रविवारी चार्ज. भरलेल्या सेलचा दाब ४.२ व्होल्ट आणि पांढऱ्या एलईडीला लागतात साधारण ३. मधल्या १.२ व्होल्टसाठी १२ ओहमचा रेझिस्टर. सेल मात्र संरक्षक सर्किटवालाच घ्यायचा, तिथे काटकसर नाही.

तिसरा नमुना वेल्क्रोच्या पट्ट्यावर बसला. हिसका दिला की सुटतो. हातात घेऊन चेन चढवता येते, सायकल लावली की खिशात जातो. मागे वेगळा लहानसा लाल दिवा. पुढच्याचं तोंड खाली झुकवायला भाऊजींनीच लावलं. खाणीत समोरच्या माणसाशी बोलताना दिवा त्याच्या डोळ्यांवर जाऊ द्यायचा नसतो, मान जराशी वळवायची असते. ही तिथली रीतभात. डोक्यावरचा दिवा आपण बघतो तिकडे वळतो, म्हणून रस्त्यावरही ती पाळायला हवी. वाट दाखवायला सायकलचा दिवा आहेच, हा लोकांना आपण दिसावं म्हणून.

"आणि घरी आल्यावर?" मी हळूच विचारलं.

भाऊजींनी दिवा टचकन काढून माझ्या हातात दिला. "घरी आल्यावर हा असा. खाणीतला दिवा पाळी संपेपर्यंत निघत नाही, हा निघतो. एवढ्यासाठी घालीन."

परत आल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बेळकु बेकु." उजेड हवाच. मग हसून म्हणाल्या, "तुमचं दार आणि आमची दारि, दोन्हीकडे हवा." आपल्या दुभाषी घरांना सांगायला नकोच, दारि म्हणजे वाट.

परवा ताईचा फोन आला. आता ती दारात उभी राहत नाही. खिडकीतून कोपऱ्यावर एक ठिपका डुलताना दिसला की भात गरम करायला ठेवते. भात वाफाळेपर्यंत दिवा दारामागच्या खिळ्यावर लटकलेला असतो.