कंटेंट कधी देताय, काकू?

‘कंटेंट कधी देताय?’ आमच्या ऑफिसात दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न. दुसऱ्या नंबरवर ‘चहा कोण सांगतंय?’

मंडळी, मी वेबसाइट्स बनवणाऱ्या चौघांच्या टीमचा प्रोजेक्ट मॅनेजर. म्हणजे डिझायनर, डेव्हलपर आणि टेस्टर काम करतात आणि मी त्यांना ‘झालं का?’ विचारतो. आमचा कारखाना असा चालतो : आधी क्लाएंटशी मीटिंग. मग साइटमॅप, म्हणजे पानं कुठली आणि कुठून कुठे जायचं. मग वायरफ्रेम, घराच्या नकाशासारख्या नुसत्या रेघा. मग डिझाइन, अ‍ॅप्रूव्हल, कोडिंग, वेगवेगळ्या मोबाइल्सवर टेस्टिंग आणि साइट लाइव्ह! कागदावर सहा आठवडे. कागदावर हं!

2023 च्या ऑगस्टमध्ये कोथरूडच्या एक काकू आमच्याकडे आल्या. घरीच दिवाळीचा फराळ करायच्या, हाताशी चार बायका. परदेशातून ऑर्डरी मिळाव्यात म्हणून वेबसाइट हवी होती. छोटी एफडी मोडून त्यांनी अ‍ॅडव्हान्स दिला.

आम्ही जोरात! होमपेजवर एकेक पणती उजळत जाते असं झकास अ‍ॅनिमेशन. मजकुराच्या जागी अर्थातच ‘लोरेम इप्सम’. सिसेरोच्या इ.स.पू. 45 मधल्या लॅटिन ग्रंथातले शब्द मोडूनतोडून केलेला हा भरणा जगभरचे डिझायनर वापरतात. काकूंनी चष्मा सावरत विचारलं, ‘‘हे काय लिहिलंय रे?’’

‘‘काही नाही काकू, तुमचा कंटेंट आला की बदलू.’’

मग मी मेल टाकत राहिलो आणि काकू ‘‘हो हो, बघते’’ म्हणत राहिल्या. सप्टेंबर संपत आला तेव्हा एक फाइल आली. कोपऱ्यावरच्या डीटीपीवाल्याकडून टाइप केलेली, जुन्या छपाईच्या फॉन्टमध्ये. साइटवर टाकली तर नुसती गिचमिड, कारण वेबला लागतो युनिकोड. बदलून घेतली, तर आत चार ओळी : रुचकर, खमंग, घरगुती, एकदा खाल तर पुन्हा याल. त्यातही आमचं डिझाइन इंग्रजीच्या मापाचं, त्यामुळे वेलांट्यांची डोकी उडालेली!

शेवटी मी काकूंच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलो. दोन तासांत अकरा फोन. चकली भाजणीचीच ना? शंकरपाळी तुपातली की तेलातली? किती दिवस टिकेल? अर्धा किलो मिळेल? अमेरिकेला पाठवायची शेवटची तारीख काय? काकूंचे हात पिठात, फोन स्पीकरवर आणि उत्तरं तोंडपाठ.

मी वहीत लिहून घेत होतो आणि मनातल्या मनात ओशाळत होतो. कंटेंट ऑगस्टपासून इथेच होता. आम्ही तो मराठीत मागितलाच नव्हता.

मग पणत्या विझवल्या. ते अकरा प्रश्न हाच साइटमॅप झाला. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेला ‘मुक्त’ हा फॉन्ट घेतला, दोन ओळींमधलं अंतर वाढवलं, वेलांट्या सुखरूप. साइट लाइव्ह झाली 25 ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला. पुण्यातल्या ऑर्डरी बऱ्या आल्या, पण परदेशातल्या बहुतेकांनी तोवर दुसरीकडे नाव नोंदवलं होतं. ज्यासाठी एफडी मोडली, तेच हुकलं. काकू एका शब्दाने बोलल्या नाहीत. उलट दिवाळीत ऑफिसात चिवड्याचा डबा पाठवला. सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ला. मला तो जरा तिखटच लागला.

तेव्हापासून आमच्याकडे दोन नियम आहेत. क्लाएंटच्या दुकानात अर्धा दिवस बसून त्याचे फोन ऐकल्याशिवाय डिझायनरने सॉफ्टवेअर उघडायचं नाही. आणि खोटा मजकूर भरायचा नाही, खऱ्या चार ओळी असतील तर चारच.

तुम्ही साइट करून घेणार असाल, तर ‘रंग कुठला?’ हा विषय नंतर काढा. आधी गिऱ्हाइकं रोज विचारतात ते दहा प्रश्न लिहून काढा. उत्तरं लिहिलीत की निम्मी साइट झाली.

आणि काकू? 2024 च्या जूनमध्ये त्यांचा फोन आला.

‘‘यंदाचा कंटेंट तयार आहे. तुमचं कधी होतंय?’’